पाच देवांची वाट

ऋतुजानं फोनमधला नकाशा माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाली, "मावशी, सांगा. यातली जुनी वाट कुठली?"

मी चष्मा वर केला, खाली केला. नकाशात पाच-सहा हिरवे ठिपके आणि त्यांच्यामधून ओढलेली एक निळी रेघ. ही पोरगी माझ्या शेजारणीची भाची. शहरं कशी आखायची ते शिकून आलीय. सांगली, मिरज, कुपवाड मिळून आता जे एकच एक मोठं शहर झालंय, त्यातल्या बागा, ओढ्याचे काठ, मोकळी मैदानं पायवाटेनं एकमेकांना जोडायची, असं काम तिच्याकडं आलंय. माणसाला नदीपासून मिरजेपर्यंत झाडांखालून चालत जाता आलं पाहिजे, गाड्यांचा धूर न खाता, असं ती म्हणते. म्हणताना तिचे डोळे चमकतात. मला आवडतं ते.

"अगं, यात नवीन काय?" मी म्हटलं. "ही वाट माझ्या आईनं पन्नास वर्षांमागं चालून ठेवलीय."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी फेकतेय. झालं, मी पेटले. चल म्हटलं, दाखवते. गेले चार दिवस आम्ही दोघी सकाळी फिरतोय. गुडघे कुरकुरतात, मी त्यांना दाद देत नाही. आज आमराईत येऊन बसलोय. मोहोर आलाय. तो वास नाकात गेला की मी अकरा वर्षांची होते, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही तेव्हा गावभागात राहायचो, नदीपासून हाकेच्या अंतरावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील मिलिटरीत, वर्षातून एकदा रजेवर यायचे. शेती इस्लामपूरच्या पुढं, ती चुलते बघायचे. माझ्या शाळेसाठी आमचं बिऱ्हाड सांगलीत. घरात आई, मी आणि तानूआत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून ती आमच्याकडंच. चूल, देव्हारा, किल्ल्या, माझी वेणी, सगळं तिच्या ताब्यात. देवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. सगळी माया देवाला वाहून झाल्यावर आमच्या वाट्याला शिव्या उरायच्या. आई तिला वन्सं म्हणायची आणि जरा घाबरूनच असायची.

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. आई कशी पडली ते सांगत बसत नाही. पडली. मांडीचं हाड मोडलं, मिरजेच्या दवाखान्यात तीन महिने गेले, आणि दिवाळी उलटल्यावर घरी आली ती एक पाय दोन बोटं आखूड घेऊन. निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "शालनबाई, आता सहा महिने रोज चालायचं. आधी घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असं वाढवत न्यायचं. हा बूट घालूनच. समोर बघून चालायचं, पायाकडं बघायचं नाही. चाललात तर पाय वाकेल, खाली बसता येईल. नाही चाललात तर सांधा असाच धरून बसेल. मग माझ्याही हातात काही नाही."

खाली बसता येणं. आत्ताच्या पोरींना यातलं काय कळणार! घरात डायनिंग टेबल, ओटा, कमोड. तेव्हा बाईचं सगळं आयुष्य जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, धुणं, भांडी, बाळंतिणीची न्हाणी, रानातली भांगलण-खुरपणी, सगळं उकिडवं बसून. आई भिंतीकडं तोंड करून एकदाच म्हणाली होती, "रानात खुरपं घिऊन बसता आलं न्हाई, तर माझा उपेग काय?" मी ते ऐकलं. मला रडू आलं, पण रडले नाही. तिला कळलं असतं.

आणि तो बूट! काळा, जाड चामड्याचा, डाव्या पायाचा तळ दोन बोटं उंच. नऊवारी लुगड्याखाली तो असा काही दिसायचा की गल्लीत पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "मिलिटरीवाल्याची बायकू, परेडला निघाली जनू." आई उंबऱ्यातून आत आली आणि दोन दिवस बाहेर गेलीच नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. बाईनं चालायचं कुठं? 'फिरायला जाणं' हे वकिलांचं नाहीतर पेन्शनरांचं काम. हातात काठी, गळ्यात मफलर, नदीकाठानं जाऊन यायचं. आमच्यासारख्या घरातली बाई बाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी लागायचं, कळशी, पिशवी, पूजेचं ताट, निदान रिकामी बुट्टी तरी. रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली की चार तोंडं विचारणार, कुणीकडं? मग आम्ही मायलेकी रोज एक काम शोधायचो. गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली मारुती होता, तिथं तेल घालायला. मग नदीवरच्या म्हसोबाला, चिंचेच्या झाडाखाली, गाभुळलेल्या चिंचा वेचायला. बुट्टीत चार चिंचा पडल्या की झालं काम.

ते दिवस मला आईच्या दुखण्याचे म्हणून आठवतच नाहीत, काय करू? मला आठवतं नदीवरचं सकाळचं धुकं, घाटावर आपटणाऱ्या धुण्याचे आवाज, पलीकडच्या काठावरून कुणीतरी घातलेली लांब हाळी. हरिपूरकडून वारा आला की हळदीचा वास यायचा. पुढं माघात मळ्यामळ्यांतून हळद शिजायला लागली, तेव्हा तर वाळत घातलेल्या लुगड्यांनासुद्धा तो वास लागला. गुऱ्हाळाची काकवी, बाभळीची पिवळी फुलं, ओढ्याच्या कडेचा पुदिना. आई थांबत थांबत चालायची आणि तिच्यामुळं मीही प्रत्येक ठिकाणी थांबायची. धडधाकट बाईची लेक असते तर यातलं निम्मं मला दिसलंच नसतं.

सगळं नीट चाललं होतं. पण माझी जीभ!

शेजारच्या हौसाकाकूनं एक दिवस मला नळावर गाठलं. "काय गं बायडे, तुझी आई रोज उठून कुठं जाती? मारुती काय, म्हसोबा काय, काल आमराईच्या वाटंला लागली हुती म्हनं."

मी म्हटलं, "नवस हाय काकू. पाच देवांचा. पाच झाडांखालचं पाच देव. रोज चालत जायचं."

"आगं बाई! आनि शेवटचा कुठं?"

"शेवटचा पीर मिरजंच्या वाटंवर हाय, लिंबाखाली."

कुठून सुचलं देव जाणे. पण मला वाटलं, काय झकास थाप मारली! आता आईला कुणी अडवणार नाही, नवसाच्या बाईला कोण विचारतंय कुठं चाललीस? संध्याकाळी घरी आले तर आत्या आईसमोर बसलेली, डोळ्याला पदर लावून. आत्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

"शाले, एवढा नवस बोललीस आनि मला सांगितलं न्हाईस?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिला सगळं कळलं. पण आत्याचा चेहरा असा उजळलेला, तिच्यापुढं 'खोटं आहे' म्हणायची हिंमत आईला झाली नाही, आणि मला तर नाहीच नाही. देवाच्या नावानं खोटं बोललेल्या माणसाचं आत्या काय करायची ते मला ठाऊक होतं.

मग आत्या उठली, आईचा बूट उचलला आणि माळ्यावर टाकला. "नवस म्हंजे अनवानी. पायात वहान घालून कुनी नवस फेडतं व्हय?"

मी तोंड उघडलं. पण बोलायची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून आई अनवाणी चालायला लागली. आखूड पाय टाचेवर टेकेना, ती चवड्यावर चालायची, कंबर एका अंगाला झुकायची. गल्लीतल्या बायका सोबतीला यायला लागल्या. हौसाकाकूची पाठ दुखायची, तिला वाटलं आपल्यालाही गुण येईल. कुणी दुर्वा घेऊन, कुणी नारळ घेऊन. नदी, आमराई, ओढ्यावरची वडाखालची मरीआई, रोज थोडं पुढं, हसत, उखाणे घेत. आईही हसायची. घरी आल्यावर पाय वर घेऊन बसली की मांडी भोपळ्यासारखी सुजलेली. आत्या रोज आंबेहळद उगाळून लेप लावायची आणि रोज सकाळी बोटानं दाबून बघायची. सूज उतरत नव्हती. आत्याच्या शिव्या कमी झाल्या. ते मला जास्त भीतीचं वाटायचं.

माघ संपत आला होता. आमराईत, आत्ता मी आणि ऋतुजा बसलोय तिथून थोडं पलीकडं, एका जुन्या आंब्याखाली भैरोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. बायका विहिरीवर पाय धुवायला थांबल्या, आई त्यांच्यात बसली, एका दगडावर पाय लांब करून. आत्या मला म्हणाली, "चल गं." आणि आम्ही दोघीच देवापुढं गेलो.

आत्यानं कौल लावला. ऋतुजाला कौल म्हणजे काय ते सांगावं लागलं. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडं लग्नं ठरायची यावर, विहिरी पाडल्या जायच्या.

आत्यानं हात जोडले. "भैरोबा, नवस तिचा हाय. पर पाय बी तिचाच हाय. बूट घालून चालली तर चालंल का? उजवा दे बाबा. दुसरं काय मागत न्हाई."

वारा नव्हता. वर मोहोरात मधमाश्यांचं गुणगुण चाललेलं. मी पाकळ्यांकडं बघत होते. डावी पाकळी सुटली, घसरली आणि खाली पडली.

आत्या तशीच उभी राहिली. मग पुन्हा पाकळ्या भिजवल्या, पुन्हा चिकटवल्या, पुन्हा हात जोडले. पुन्हा डावी.

मी आत्याकडं बघितलं. ज्या बाईनं आयुष्यात देवाला विचारल्याशिवाय चूल सारवली नव्हती, तिनं वाकून ती डावी पाकळी उचलली, मुठीत चुरगळली आणि विहिरीकडं तोंड करून मोठ्यांदा ओरडली, "उजवा दिला गं! शाले, देवानं उजवा दिला! बूट घालून चाल म्हनतोय!"

मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की महिनाभर काळंनिळं होतं. "काय बघितलंस तू?"

"काय न्हाई."

"हां."

त्या संध्याकाळी बूट माळ्यावरून खाली आला. आणि गंमत बघा, देवाचीच परवानगी म्हटल्यावर त्या बुटाची किंमत एकदम वाढली. हौसाकाकूनं सकाळी येऊन त्याला हळदीकुंकू वाहिलं. ज्या गल्लीनं परेड म्हणून हिणवलं होतं, तिथल्या बायका बुटाला हात लावून कपाळाला लावायच्या. आई घरात येऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून हसली. इतक्या महिन्यांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. दोघीही हसलो आणि दोघीही एकमेकींना काही बोललो नाही.

सूज आठ दिवसांत उतरली. आईची चाल सरळ व्हायला लागली. फाल्गुनात तर ती बायकांच्या पुढं चालायची, मान ताठ, समोर बघून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी. पांगारा फुलला, मळ्यांतून गव्हाच्या काढणीचा खमंग धुरळा उडायला लागला, मोहोर गळून बारक्या कैऱ्या दिसायला लागल्या. आम्ही मिठाची पुडी घेऊन निघायचो.

आत्या मात्र आता सगळ्यांच्या मागून चालायची. "व्हा फुडं, माझं गुडघं धरल्यात," म्हणायची. एकदा मी मागं वळून बघितलं तर तिच्या पायात वहाणा नव्हत्या. विचारलं तर म्हणाली, "पट्टा तुटलाय. बाजारच्या दिशी टाकं घालून आनीन." कितीतरी बाजार गेले. चैत्र लागला, भुई तापली, आणि आत्या ओढ्याजवळची मुरमाड वाट उड्या मारत ओलांडायची. आई पुढं, समोर बघत. तिला काही दिसायचं नाही. मला दिसायचं. आणि त्याचा अर्थही लागत होता. दोन खोटी माझ्या पोटात होती, एक माझं आणि एक आत्याचं, आणि एक काढलं की दुसरं बाहेर येणार. म्हणून गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

सहा महिने भरले. तपासणीचा दिवस आला तेव्हा आई म्हणाली, "एसटीनं न्हाई जायाचं. चालत जायाचं." सकाळी लवकर निघालो, तिघीच. मारुती, म्हसोबा, भैरोबा, मरीआई. मळ्यांच्या बांधावरून, ओढ्याच्या कडेनं, पाच-सहा मैल. लिंबाखालच्या पिराला आईनं फुलं वाहिली आणि आत्यानं गुळाचा खडा ठेवला. बारा वाजायच्या आत आम्ही मिरजेत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आईला चालायला लावलं, वळायला लावलं. खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आता बसून दाखवा. उकिडवं."

आई पांढरी पडली. इतके दिवस ती चालली होती, पण बसून बघितलं नव्हतं. एकदाही नाही. जमलं नाही तर काय, या भीतीनं. टेबलाला धरून थोडी वाकली आणि थांबली. "न्हाई व्हत, बाई," ती म्हणाली. "न्हाई व्हायचं माझ्यानं."

डॉक्टरीणबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. आत्या तिथं भिंतीला टेकून उभी होती. फरशीवर तिच्या पावलांचे डाग उमटले होते. लाल.

"ह्यांच्या पायांना काय झालंय?"

"काय न्हाई, वहानंचा पट्टा..." आत्या म्हणाली.

आणि माझा बांध फुटला. सगळं बोलून टाकलं, हुंदके देत, उलटसुलट. कौल डावा पडला होता. दोनदा. आत्या खोटं बोलली. आईचं अनवाणी चालणं आत्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, देवाचं काही राहायला नको म्हणून. "आनि आत्या, नवस न्हवताच! आईनं नवस बोललाच न्हवता. मीच थाप मारली हुती!"

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता मारणार. पण ती सावकाश म्हणाली, "म्हून तवा डावा दिला व्हय त्यानं. नवसच न्हाई तर उजवा कशाचा देईल? त्याला ठावं हुतं. मीच येडी." आणि कितीतरी महिन्यांचं ओझं उतरल्यासारखी ती खुदकन हसली.

आई हसली नाही. ती सरळ आत्याकडं गेली. "वन्सं, पाय दाव."

"सोड गं, काय न्हाई त्याला."

"दाव म्हनते ना!" आत्याला इतक्या मोठ्या आवाजात बोललेली आई मी कधी ऐकली नव्हती. आत्यानं गुपचूप एक पाय पुढं केला. आई खाली बसली, आत्याची टाच मांडीवर घेतली आणि पदरानं पुसायला लागली. भेगांमध्ये मुरमाचे खडे रुतले होते. एकेक खडा नखानं काढत होती, आणि रडत होती, आणि आत्याला शिव्या देत होती. आत्याच्याच शिव्या, शिकलेल्या.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "शालनबाई."

आईनं वर बघितलं.

"तुम्ही बसलात."

आईनं खाली बघितलं. दोन्ही गुडघे वाकलेले, टाचा फरशीवर टेकलेल्या, रानात भांगलायला बसावं तशी बसली होती. ती उठली नाही. आत्याचा पाय आणखी घट्ट धरला.

ऋतुजाचा फोन केव्हाच पर्समध्ये गेला होता. ती नाक ओढत म्हणाली, "मावशी, आणि परत कशा आलात? एसटीनं?"

"आत्याच्या दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या होत्या, तिला टांग्यात बसवलं. मी तिच्या शेजारी. आत्या सांगलीपर्यंत ओरडत होती, 'आगं शाले, ये की वर, जागा हाय!' आणि आई टांग्याच्या बाजूनं चालत होती, हातात काही नाही, चांगली ढांगा टाकत. म्हणाली, 'तुमी बसा वन्सं. मी हाय की बरूबर.'"